धाप लागलेल्या पेशंटला आधी आडवं का करायचं नाही? सिस्टर लोकांचं ‘उशीचं शास्त्र’ समजून घ्या

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. वसई-विरारच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता : ऑक्सिजनचा बेड कुठे मिळेल?

१२ एप्रिलला नालासोपाऱ्याचे तेव्हाचे आमदार क्षितिज ठाकूर यांनी ट्विट केलं. वसई तालुक्यात ७ हजारांहून जास्त ॲक्टिव्ह पेशंट आहेत, रोज ३ हजारांहून जास्त जणांना ऑक्सिजन लागतो आणि शिल्लक साठा जेमतेम ३ तास पुरेल, असं त्यात लिहिलं होतं. त्याच दिवशी नालासोपाऱ्यात ऑक्सिजनअभावी पेशंट दगावल्याचा आरोप नातेवाईकांनी केला, हॉस्पिटलने तो फेटाळला. पुढच्याच आठवड्यात, २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २० हून जास्त पेशंट गेले. दोन दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे विरारमध्ये एका हॉस्पिटलच्या आयसीयूला आग लागली आणि किमान १३ पेशंटचा जीव गेला.

याच दिवसांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक सचित्र पत्रक काढलं. त्यात कुठलं औषध नव्हतं, मशीन नव्हतं. होत्या फक्त ४-५ उशा आणि पोटावर झोपलेल्या माणसाची चित्रं. ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली गेली, तर बेड मिळेपर्यंत पेशंटने पालथं झोपावं, असं ते पत्रक सांगत होतं. ‘प्रोनिंग’ हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला.

लाट ओसरली, शब्द मागे राहिला. आणि त्यातून एक गोंधळ झाला. आज घरात कुणाला धाप लागली की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, “पालथं झोपवा, कोरोनात तेच करायचे.” दुसरा म्हणतो, “आडवं करा, जरा पडू दे, बरं वाटेल.”

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हे दोन्ही सल्ले चुकीचे ठरतात. हॉस्पिटलमधली सिस्टर धाप लागलेला पेशंट आला की सहसा पहिली गोष्ट करते ती म्हणजे बेडचं डोकं वर घेते. मग ऑक्सिजन, मग डॉक्टरांना निरोप. हे का, आणि कुठल्या पेशंटला कसं ठेवायचं, तेच नीट बघू.

आडवं झोपलं की नेमकं काय होतं?

श्वास घेण्याचं मुख्य काम करतो तो छाती आणि पोट यांच्या मध्ये असलेला घुमटासारखा स्नायू. मराठीत त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो, फुफ्फुसांना जागा होते आणि हवा आत येते.

माणूस उभा किंवा बसलेला असेल तर पोटातले अवयव स्वतःच्या वजनाने खाली राहतात. श्वासपटलाला मोकळं मैदान मिळतं. पण माणूस पाठीवर सपाट झोपला की लिव्हर, आतडी, पोटाची चरबी हे सगळं छातीच्या दिशेला सरकतं. आता प्रत्येक श्वासाला श्वासपटलाने हे ओझं ढकलायचं. तब्येत चांगली असेल तर हे कळतही नाही. पण आधीच दमलेल्या पेशंटला हे जास्तीचं काम झेपत नाही. पोट सुटलेलं असेल किंवा पोटात पाणी झालं असेल, तर त्रास आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. बसलेलं असताना पायांत थोडं रक्त साचून राहतं. आडवं झालं की ते हृदयाकडे आणि फुफ्फुसांकडे परत येतं. हृदय कमकुवत असेल तर हा वाढीव माल त्याला पुढे ढकलता येत नाही आणि फुफ्फुसांत पाणी साचायला लागतं.

तिसरी गोष्ट, फुफ्फुसांचा बराचसा भाग पाठीच्या बाजूला असतो. पाठीवर झोपल्यावर नेमका तोच भाग हृदयाच्या आणि पोटाच्या वजनाखाली दाबला जातो.

म्हणजे आपण ज्याला ‘आराम’ म्हणतो, ती धाप लागलेल्या माणसासाठी मेहनत असते. म्हणून पेशंट स्वतःच उठून बसायला धडपडत असेल तर त्याला खांदे धरून झोपवू नका. त्याचं शरीर बरोबर सांगत असतं.

बेडचं डोकं वर : १९०० सालापासून चालत आलेली पोझिशन

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी ही पोझिशन आहे ‘फाउलर्स पोझिशन’. जॉर्ज रायरसन फाउलर हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले सर्जन. १९०० साली त्यांनी पेशंटला डोक्याकडून उंच ठेवण्याची पद्धत मांडली. गंमत म्हणजे त्यांचा उद्देश श्वासाचा नव्हताच. पोटात पू झालेल्या पेशंटचा पू वरच्या बाजूला न पसरता खाली ओटीपोटात उतरावा, म्हणून त्यांनी हे केलं. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, त्यामुळे पू कुठे साचतो याला फार महत्त्व होतं. पुढे ही पोझिशन श्वासाच्या पेशंटसाठी जास्त वापरली जाऊ लागली.

यात अंशांचा हिशोब असतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलली तर सेमी-फाउलर. ४५ ते ६० म्हणजे साधी फाउलर. आणि ६० ते ९०, म्हणजे जवळजवळ ताठ बसलेलं, ती हाय-फाउलर. जोरात धाप असलेल्या पेशंटला बहुतेक वेळा हाय-फाउलरमध्ये ठेवतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकंही ३० ते ४५ अंशांवर ठेवायचा प्रघात आहे, कारण सपाट झोपवल्यास पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाण्याची आणि न्यूमोनिया होण्याची भीती असते.

आता घरी कुठे असतो हँडल फिरवून वर होणारा बेड? नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये तर पलंगही नसतो, खाली गादी असते. तरी हे जमतं.

गादी भिंतीला लावा. उशा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रचा. पहिली कमरेपासून, दुसरी पाठीला, तिसरी डोक्याला. लोड किंवा गुंडाळलेली गोधडी असेल तर उत्तम. पलंगावर असाल तर जुनी युक्ती आहे : लाकडी खुर्ची पालथी घालून पेशंटच्या पाठीमागे अशी ठेवायची की तिच्या पाठीचा उतार तयार होईल, त्यावर उशा.

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, सगळ्या उशा फक्त डोक्याखाली ठेवणं. त्याने मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि हवेचा रस्ता आणखी अरुंद होतो. उचलायची आहे ती पाठ.

दुसरी, पेशंट हळूहळू खाली घसरतो आणि त्याचा ‘सी’ आकार होतो. पोट दाबलं जातं आणि बसवल्याचा फायदा संपतो. म्हणून गुडघ्याखाली चादरीची वळकटी ठेवतात आणि दर थोड्या वेळाने पेशंटला वर सरकवतात. सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. पाठीखाली चादर असेल तर दोघांनी दोन बाजूंनी ती धरून उचला.

तिसरी, हात लोंबकळत ठेवणं. हातांचं वजन खांद्यांवर येतं आणि छातीचे स्नायू दमतात. दोन्ही बाजूंना उशी ठेवून त्यावर हात टेकवा.

पुढे झुकलं की दम का बसतो?

संध्याकाळची विरार लोकल पकडायला स्टेशनचा पूल धावत चढणारा माणूस प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर काय करतो? कमरेत वाकतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवतो आणि धापा टाकतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

हात कशावर तरी टेकले की खांदे स्थिर होतात. मग मानेचे आणि छातीचे जे स्नायू एरवी हात-खांदे सांभाळतात, ते बरगड्या वर ओढायच्या कामाला लागतात. पुढे वाकल्याने श्वासपटलालाही जास्त जोर लावता येतो. दोन पाय आणि टेकलेले हात अशी तिपाई होते म्हणून याला ‘ट्रायपॉड’ म्हणतात.

हॉस्पिटलमध्ये याचंच आरामाचं रूप वापरतात. पेशंटला बेडच्या काठावर बसवायचं, समोर जेवणाचं टेबल ओढायचं, त्यावर उशा ठेवायच्या आणि त्यावर हात आणि डोकं टेकवून पुढे झुकू द्यायचं. दमा आणि सीओपीडीच्या पेशंटना याचा चांगला उपयोग होतो. सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, धुळीची कामं यांनी फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. यात हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही.

घरी स्टूल, डायनिंग टेबल, शिलाई मशीन, काहीही चालतं. खुर्चीवर उलटं बसून तिच्या पाठीवर हात टेकवले तरी चालतं. पाय मात्र जमिनीला नीट टेकलेले हवेत.

सोबत श्वासाची एक पद्धत शिकवतात. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, चहावर हळू फुंकर घालतो तसा, सावकाश सोडायचा. घेण्यापेक्षा सोडायला साधारण दुप्पट वेळ. त्याने नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. दमेकऱ्याचा इन्हेलरही बसवूनच द्यायचा. पोझिशन केली म्हणून इन्हेलर टाळायचा नाही.

आणखी एक साधी गोष्ट. पेशंटभोवती जमलेली माणसं बाजूला करा, खिडकी उघडा, टेबल फॅनचा झोत चेहऱ्यावर येईल असा ठेवा. चेहऱ्यावर वारा लागला की घुसमट कमी वाटते.

“रात्री किती उशा लागतात?”

हृदयाचे डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा अनेकांना तो विनोदी वाटतो. पण तो तपासणीचाच भाग आहे.

हृदयाची ताकद कमी झालेल्या माणसाला सपाट झोपल्यावर धाप लागते. मग तो एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेतो. काही जण शेवटी खुर्चीतच झोपायला लागतात. घरच्यांना वाटतं वयामुळे झोप कमी झाली. काही जणांना झोपल्यावर तासा-दोन तासांनी एकदम गुदमरून जाग येते आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहतात. थोड्या वेळाने बरं वाटतं, म्हणून सकाळी कुणी डॉक्टरकडे जात नाही. इथेच घात होतो. उशांची संख्या वाढत जाणं, सोबत पायांवर सूज, दोन-चार दिवसांत एकदम वजन वाढणं, ही हृदय थकल्याची लक्षणं असू शकतात. घरात कुणाचं असं होत असेल तर धाप लागायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

अशा पेशंटला धाप लागली तर ताठ बसवायचं आणि पाय पलंगाखाली सोडायचे. पाय खाली असले की हृदयाकडे परतणारं रक्त थोडं कमी होतं. आपल्याकडे कुणी गळून गेलं की पायाखाली उशी द्यायची सवय आहे. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला ती ठीक, पण हृदयाच्या आजाराने धाप लागलेल्याचे पाय वर केले तर उलटा त्रास वाढतो.

कुशीवर झोपवायचं तर कुठल्या?

एकाच फुफ्फुसात न्यूमोनिया असेल तर मोठ्या माणसांसाठी नर्सिंगमध्ये एक सूत्र शिकवतात : चांगलं फुफ्फुस खाली. गुरुत्वाकर्षणाने रक्त खालच्या फुफ्फुसाकडे जास्त जातं. ते फुफ्फुस निरोगी असेल तर तिथे हवाही भरपूर असते, मग रक्ताला ऑक्सिजन चांगला मिळतो. आजारी फुफ्फुस खाली ठेवलं तर रक्त जिथे हवाच नाही तिथे जाऊन रिकाम्या हाताने परत येतं.

पण या सूत्राला अपवाद आहेत. फुफ्फुसातून रक्तस्राव होत असेल तर रक्ताळलेली बाजू खाली ठेवतात, नाहीतर ते रक्त वाहत चांगल्या फुफ्फुसात जाईल. तान्ह्या बाळांत हे गणित बरेचदा उलटं असतं. त्यामुळे कुठलं फुफ्फुस, कुठली कूस, हे एक्स-रे बघितलेल्या डॉक्टरने किंवा सिस्टरने सांगायचं. घरच्या घरी अंदाज नको.

घरी कुशीवर करायची खरी गरज पडते ती दुसऱ्याच वेळी. पेशंट बेशुद्ध आहे, पण श्वास चालू आहे. अशा वेळी बसवायचं नाही. जीभ मागे पडून किंवा उलटी घशात जाऊन श्वास अडू शकतो. त्याला एका कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, डोकं किंचित मागे, तोंड थोडं खाली. उलटी झाली तर बाहेर पडेल. श्वास चालू आहे की नाही हे सतत बघत राहा. गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर सहसा डाव्या कुशीवर करतात, कारण पाठीवर झोपल्यास गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं.

अपघात किंवा उंचावरून पडल्याची घटना असेल आणि मणक्याला इजा झाल्याची शंका असेल, तर मात्र धाप दिसली तरी उचलून बसवण्याची घाई करू नका. आधी ॲम्ब्युलन्स बोलवा.

मग ते पालथं झोपणं? ते खोटं होतं का?

अजिबात नाही. पण ते एका विशिष्ट आजारासाठी होतं.

न्यूमोनियासारख्या आजारात दोन्ही फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात, तेव्हा पाठीकडचा भाग आधी मिटतो. पेशंटला पालथं केलं की हृदयाचं आणि पोटाचं वजन त्या भागावरून उतरतं आणि मिटलेले वायुकोश उघडू लागतात. रक्तपुरवठा पाठीकडे तसाही बराच असतो. हवा आणि रक्ताची पुन्हा गाठ पडते आणि ऑक्सिजन वाढतो.

ही कल्पना कोरोनाच्या खूप आधीची आहे. १९७६ साली अमेरिकेत पील आणि ब्राऊन यांनी ५ पेशंटना पालथं करून त्यांचा ऑक्सिजन वाढल्याचं नोंदवलं होतं. पण जीव वाचतात का, याचं ठोस उत्तर मिळायला २०१३ उजाडलं. फ्रान्स आणि स्पेनमधल्या आयसीयूंमध्ये क्लोद गेरॅं यांच्या टीमने ४६६ गंभीर पेशंटवर अभ्यास केला. सगळे व्हेंटिलेटरवर होते. पाठीवर ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के पेशंट २८ दिवसांत दगावले. सलग किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे निम्मं. नुसती कूस बदलून.

‘नुसती’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. व्हेंटिलेटरवरचा पेशंट पालथा करायला साधारण चार-पाच जणांची टीम लागते. एक जण फक्त डोकं आणि घशातली नळी सांभाळतो. सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, मॉनिटरच्या वायरी, सगळं बघत एका तालात वळवायचं. नळी निसटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. मग चेहरा, डोळे, छाती, गुडघे यांवर दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून दर काही तासांनी डोक्याची बाजू बदलायची. कोरोनात पीपीई किट घालून, घामाने निथळत सिस्टर आणि वॉर्डबॉय दिवसातून कितीतरी वेळा हे करत होते.

शुद्धीवर असलेल्या पेशंटचं काय? २०२१ मध्ये सहा देशांतल्या ११०० हून जास्त कोरोना पेशंटवरचा अभ्यास आला. जे स्वतःहून पालथे झोपले त्यांच्यात व्हेंटिलेटरची गरज पडणं किंवा मृत्यू हे मिळून प्रमाण ४० टक्के होतं, बाकीच्यांत ४६ टक्के. व्हेंटिलेटरची वेळ कमी जणांवर आली. पण फक्त मृत्यूंचा आकडा बघितला तर स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे उपयोग होता, पण जादू नव्हती.

मंत्रालयाच्या पत्रकातही नियम होते. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. प्रत्येक स्थितीत ३० मिनिटं ते २ तास : पालथं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसून, मग डाव्या कुशीवर. जेवणानंतर तासभर नाही. जमेल तेवढंच. आणि कुणी करायचं नाही याचीही यादी होती : गरोदर स्त्रिया, हृदयाचे गंभीर आजार असलेले, पायाच्या शिरेत नुकतीच गुठळी झालेले, मणका, मांडी किंवा कंबरेचं हाड मोडलेले. फॉरवर्ड करताना नेमकी ही यादीच अनेकदा गळून पडायची.

म्हणून हृदयाच्या आजाराने किंवा दम्याच्या झटक्याने धाप लागलेल्या माणसाला कोरोनातला व्हिडिओ आठवून पालथं करू नका.

लहान मुलांसाठी वेगळा नियम

मूल धापा टाकत असेल तर त्याला आईच्या मांडीवर, तिच्या छातीला टेकून बसू द्या. ते स्वतः ज्या स्थितीत शांत आहे तीच ठेवा. रडवलं, झोपवलं, तोंडात बोट घालून बघितलं की सुजलेला घसा पूर्ण बंद होण्याचा धोका असतो. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा मूल दूध ओढू शकत नसेल, तर लगेच हॉस्पिटल. आणि तान्ह्या बाळाला घरी पोटावर झोपवू नका. झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका त्याने वाढतो.

घर ते हॉस्पिटल : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आता शहर त्याहून बरंच फुगलंय. गंभीर पेशंटला बरेचदा मीरा रोड, बोरिवली किंवा त्याच्याही पुढे मुंबईत न्यावं लागतं. मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग. वसई फाट्यापासून घोडबंदरपर्यंत तिथे काय कोंडी होते हे इथल्या कुणालाही सांगायची गरज नाही. २०२५ मध्ये या कोंडीत ॲम्ब्युलन्स अडकून पेशंट दगावल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या होत्या.

म्हणजे ‘हॉस्पिटलात पोचेपर्यंतची पोझिशन’ हा इथे दोन मिनिटांचा मामला नसतो. कधी तो दीड-दोन तासांचा असतो.

त्याची सुरुवात जिन्यातच होते. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरून पेशंट खाली आणायचा तर लोक त्याला चादरीत आडवा घालून झोळी करतात. त्यात माणूस दुमडला जातो, पोट छातीवर येतं. शुद्धीवर असलेल्या, धाप लागलेल्या माणसाला मजबूत खुर्चीत बसवा, चादरीने कमरेला बांधा आणि दोघा-तिघांनी खुर्ची उचला. त्याला स्वतःला जिना उतरायला लावू नका. चालण्यात उरलासुरला ऑक्सिजन खर्च होतो.

१०८ ची ॲम्ब्युलन्स राज्यात २०१४ पासून मोफत मिळते. फोनवर “पेशंटला श्वासाचा त्रास आहे, ऑक्सिजन लागेल” हे आधी सांगा. आत गेल्यावर स्ट्रेचरचं डोकं वर करायला सांगा, ते वर होतं. रिक्षाने जावं लागलं तर पेशंटला मध्ये बसवा, एकाने शेजारी बसून त्याला पुढे झुकायला आधार द्या. मागच्या सीटवर आडवं करून, डोकं मांडीवर घेऊन नेऊ नका.

पोझिशन बदलल्यावर काय बघायचं?

सिस्टर उशा लावून निघून जात नाही. ती थांबते आणि बघते. तुम्हीही तेच करा.

पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे निवांत असताना साधारण १२ ते २० असतात. ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. सीओपीडीच्या काही पेशंटसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हीच पातळी ठरवून देतात, त्यांना मनाने जास्त ऑक्सिजन लावू नका. बाकीच्यांत ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन, ९० च्या खाली गेलं की थेट हॉस्पिटल.

मशीन नसलं तरी चालतं. पेशंटला नाव-पत्ता विचारा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, किंवा आत्तापर्यंत अस्वस्थ असलेला पेशंट अचानक सुस्त, गुंगीत गेला असेल, तर एक मिनिटही थांबू नका. हे शेवटचं लक्षण फसवं आहे. घरच्यांना वाटतं, बरं झालं, डोळा लागला. खरं तर शरीर हरत चाललेलं असतं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. धाप लागली आणि माणूस शुद्धीवर आहे, तर बसवा, पुढे झुकू द्या, हातांना आधार द्या आणि फोन उचला. शुद्ध हरपली पण श्वास चालू आहे, तर कुशीवर. पालथं झोपवणं फक्त डॉक्टर म्हणाले तरच. बसवल्यावर बरं वाटलं, तरी हॉस्पिटलात जाणं रद्द करू नका. धाप का लागली ते अजून कळलेलं नसतं. उशी आजार बरा करत नाही, ती फक्त वेळ मिळवून देते. आणि महामार्गावर कोंडी असेल तेव्हा तोच वेळ सगळ्यात महाग असतो.